राउटर, पाट आणि पडलेली फट

“राउटर घेतला,” असं व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “का रे, वाय-फाय चालत नाही का नीट?” मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे तिचं काही चुकलं नव्हतं. पण हा राउटर लाकडाचा. कडा गोल करायला, खाचा पाडायला वापरायचं हातातलं यंत्र. आपल्याकडे सुतार सनमायकाच्या कडा साफ करायला जो ‘ट्रिमर’ वापरतात, त्याचा हा थोरला भाऊ. मोटर मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे मारते, पण खरं काम करतं ते तिच्या तोंडाशी बसवलेलं पातं, म्हणजे बिट.

निमित्त होतं लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचं. औक्षणाला पाट हवा होता. इथे मिनेसोटात मेपलचं लाकूड सहज मिळतं, गॅरेज रिकामं होतं, आणि यूट्यूबवर सगळं सोपं दिसतं! मी ३५ बिटांचा स्वस्त संच मागवला. आज हिशेब केला तर त्यातली पाचच वापरली: सरळ खाच पाडणारं, कड गोल करणारं, कड तिरपी छाटणारं, नमुन्याबरहुकूम कापणारं बेअरिंगवालं आणि डव्हटेल. नवीन माणसाला माझा सल्ला हाच, की संच घेऊ नका. त्याच पैशात कार्बाइडची चार-पाच चांगली बिटं येतात. कार्बाइडची धार साध्या हायस्पीड स्टीलपेक्षा कितीतरी जास्त टिकते.

घेताना आधी दांडा बघा. अमेरिकेत पाव इंची आणि अर्धा इंची असे दोन दांडे चालतात. तुमच्या यंत्रात बसत असेल तर अर्धा इंचीच घ्या. जाडी दुप्पट झाली की कडकपणा सोळापट होतो. बिट थरथरत नाही आणि काप स्वच्छ येतो. भारतातून बिटं आणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिकडे सहा मिलिमीटरचा दांडाही सर्रास मिळतो, आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. फरक नखाएवढाही नाही, पण पाव इंची कॉलेटमध्ये सहाचा दांडा पक्का धरला जात नाही. चालू यंत्रातून सुटलेलं बिट कुठे जाईल, सांगता येत नाही.

बसवतानाही घाई नको. आधी प्लग काढा. दांडा तळापर्यंत घाला, मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढा आणि आवळा. तळाला टेकलेला दांडा आवळताना नीट पकडला जात नाही. बिट जितकं रुंद, तितका वेग कमी: छोट्या बिटाला बावीस हजार ठीक, पण अडीच-तीन इंची बिट दहा-बारा हजारांच्या वर नेऊ नका. तेही हातात धरून नाही, टेबलवरच. राउटर हातात असेल तर फळीच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. मी एकदा दिशा चुकलो आणि यंत्र स्वतःच पुढे पळालं. बोटं वाचली, फळीची कड गेली. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि नाकाला मास्क तेव्हापासून न चुकता.

मेपलची आणखी एक खोड म्हणजे ते पटकन जळतं. राउटर एका जागी क्षणभर थांबला की काळा डाग. म्हणून एका दमात खोल न जाता दोन-तीन हलके हात मारायचे आणि हात चालता ठेवायचा. फळीच्या चारही कडा गोल करायच्या असतील, तर आधी रेषांना आडव्या जाणाऱ्या दोन कडा, मग लांबीच्या. कोपऱ्यावर ढलपी उडालीच तर नंतरच्या हातात ती निघून जाते.

हे सगळं शिकत जुलैमध्ये पाट झाला. कडा गुळगुळीत, खाली दोन आडव्या पट्ट्या गोंद लावून स्क्रूने घट्ट बसवलेल्या. वाढदिवस झाला, फोटो निघाले, दोन्हीकडच्या आजी-आजोबांना गेले. जानेवारीत एका रात्री हॉलमधून काड्कन आवाज आला. सकाळी बघतो तर पाटाला मधोमध फट.

बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दोन वाक्यांत आलं. “पट्ट्या जखडल्यास ना? आपला जुना पाट उलटा करून बघितला होतास का कधी?”

नव्हता बघितला. मग त्यांनीच फोटो पाठवला. खाली एकही खिळा नाही. खाच आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, पट्टी बाजूने सरकवत आत घातलेली. पारव्याच्या शेपटीसारखा आकार, म्हणजेच डव्हटेल. मी ते बिट संचातलं शोभेचं समजून बाजूला ठेवलं होतं.

कारण साधं आहे. लाकूड रुंदीत फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आडवी पट्टी आपल्या लांबीत हलत नाही, वरची फळी मात्र रुंदीत हलते. दमट जुलैत केलेला पाट जानेवारीत हीटर लावलेल्या कोरड्या घरात आक्रसायला लागला. पट्ट्यांनी हलू दिलं नाही, म्हणून फुटला. सरकत्या खाचेत मात्र फळीला हवं तेवढं हलता येतं.

पुढच्या जुलैत पुन्हा बसलो. या बिटाची रीत वेगळी आहे. त्याची मान बारीक आणि बूड रुंद, म्हणून थोडं थोडं खोल जाता येत नाही. पूर्ण खोली एकाच हातात. त्यामुळे आधी सरळ बिटाने मधलं लाकूड काढायचं, मग डव्हटेल सावकाश चालवायचं, आणि काप संपेपर्यंत राउटर उचलायचा नाही. उचलला तर खाचेचं तोंडच फाटतं. जिथे बिट बाहेर पडणार, त्या कडेला टाकाऊ लाकडाचा तुकडा आवळून ठेवायचा, म्हणजे ढलपी त्याची जाते. पट्टीच्या दोन्ही कडा त्याच बिटाने टेबलवर कापल्या. आधी उरलेल्या तुकड्यावर, दर वेळी कागदाच्या जाडीएवढं सरकवत. पूर्ण संध्याकाळ त्यात गेली. पट्टी हाताने सरकली पाहिजे, हातोड्याने नाही. गोंद फक्त मधल्या दोन इंचांत.

तो पाट आता दोन हिवाळे काढून बसलाय. उन्हाळ्यात पट्ट्यांची टोकं फळीच्या कडेशी अगदी समतल होती. जानेवारीत बोट फिरवलं तर ती दोन्हीकडे दीड-दोन मिलिमीटर बाहेर आलेली लागतात, जुलैत पुन्हा आत जातात.

आता थंडी पडली की बाबा फोनवर आधी तापमान विचारतात, मग नातीची खुशाली, आणि मग हमखास, “पट्टी किती बाहेर आली रे?”