जुन्या नियमांची एक संध्याकाळ

ज्या मंडळीने पाचसहा वर्षे दर शनिवारी एकाच मेजाभोवती बसून, एकाच नियमावलीच्या अंमलाखाली, एकच प्रदीर्घ कथा खेळली आहे, त्या मंडळीपुढे एखाद्या सभासदाने चाळीस वर्षांपूर्वीची चौसष्ट पानी पुस्तिका ठेवावी आणि ‘एकदा हे खेळून पाहू’ असे म्हणावे, म्हणजे जी स्तब्धता पसरते तिला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षे जपलेल्या पात्राचे पुढे काय होणार, पदरमोड करून घेतलेले ग्रंथ आणि कष्टाने अंगवळणी पडलेले नियम निकामी ठरणार काय, आणि चालू कथा कायमची तहकूब होणार काय, अशा तीन शंका त्या मौनात असतात; आणि तिन्ही रास्त आहेत. आमच्या मंडळाच्या मनातही त्याच होत्या.

‘रोल-प्लेइंग गेम’ या नावाने रूढ झालेला हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा अगत्याचा आहे. यात पट नसला तरी अडत नाही. एक जण सूत्रधार होतो, त्याला ‘डीएम’ म्हणतात. तो भुयाराचे, नगराचे वा अरण्याचे वर्णन करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते बोलून सांगतात, आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा फैसला फाशांवर सोपविला जातो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनिव्हा गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली तीन पुस्तिकांच्या पेटीतून विक्रीस आला, आणि तेव्हापासून या खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी टॉम मोल्डव्हे यांनी १९८१ साली सिद्ध केलेली प्राथमिक नियमावली सर्वांत सुबोध आहे असे माझे मत आहे, आणि मेजावर ठेवलेली पुस्तिका तीच होती.

२०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीवर वाढलेल्या खेळाडूला ही पुस्तिका प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते. पाचव्या आवृत्तीत प्राणांक शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडते आणि जगण्यासाठी फासे टाकण्याची मुभा त्याला मिळते. १९८१च्या नियमांत शून्य म्हणजे मृत्यू, आणि पहिल्या पायरीवरील जादूगाराचे सारे प्राणांक चार बाजूंच्या एका फाशाने ठरतात. मात्र त्याच पुस्तिकेत दुसरे एक कलम आहे, आणि सारा खेळ त्याच्याभोवती फिरतो. गॉब्लिन नावाचा बुटका राक्षस मारला तर पात्राला पुढच्या पायरीवर नेणारे ५ अनुभवगुण मिळतात, तर भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेस १. म्हणजे ५०० मुद्रांची पेटी गुपचूप पळविणे हे शंभर गॉब्लिन कापण्याच्या बरोबरीचे होते, आणि ज्याला हा हिशेब उमगला तो तलवारीला हात घालण्यापूर्वी दहादा विचार करतो. शिवाय समोर आलेला प्रत्येक प्राणी अंगावर धावून येतोच असे नाही. त्याची वृत्ती दोन फाशांच्या बेरजेने ठरविता येते, २ पडले तर तात्काळ हल्ला आणि १२ पडले तर उत्साहाने मैत्री, आणि मधल्या आकड्यांत बोलाचालीस पुष्कळ वाव असतो. या नियमावलीच्याच पेटीतून मिळालेल्या गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसपुस्तिकेत संकटात सापडलेले गॉब्लिन शेजारच्या दांडग्या ओगर राक्षसापुढे २५० मुद्रांची थैली फेकतात आणि त्याला आपल्या बाजूने लढावयास उभा करतात. लाच, तह आणि फितुरी यांना त्या गुहांत शस्त्राइतकाच मान आहे.

हे सारे मी मंडळाला प्रथम व्याख्यानाच्या रूपाने ऐकविले, आणि मुद्दे खरे असूनही त्याचा परिणाम उलट झाला, कारण जुन्याची थोरवी ऐकणाऱ्याला आपल्या आवडीचा अधिक्षेप वाटतो. पुढे मी वाद सोडून दिला आणि एक तजवीज केली. कोणत्याही मंडळात असा शनिवार येतोच की एखादा सभासद गैरहजर राहतो आणि त्याच्या पात्रावाचून मूळ कथा पुढे नेता येत नाही. अशा दिवशी बैठक रद्द करण्याऐवजी तीन तास जुना खेळ खेळावा, एवढाच प्रस्ताव मी मांडला. मूळ पात्रांच्या दप्तराला कोणी हात लावणार नाही, अशी हमी दिली. पात्रे मरतील हे आधीच स्वच्छ सांगितले, आणि म्हणून प्रत्येकाला दोन दोन दिली. तीन फाशांची बेरीज सहा वेळा घेऊन, जशी पडेल तशी क्रमाने लिहिली की पात्राचे सहा गुण ठरतात, त्यामुळे पात्रे रचण्यास पाऊण तासही लागला नाही. त्या नियमावलीत चिलखताचा आकडा जितका लहान तितके संरक्षण अधिक. ही उलटी रीत नवख्याला हमखास गोंधळात टाकते, म्हणून तो तक्ता मी माझ्यापाशीच ठेवला आणि खेळाडूंनी केवळ पडलेला आकडा सांगावा असे ठरविले.

अशा पहिल्याच संध्याकाळी खरी कसोटी भुयारातील एका बोळात लागली. आमच्यातील जी मैत्रीण सर्वांत नाखूश होती तिने सवयीने वीस बाजूंचा फासा उचलला आणि ‘मी बारकाईने पाहते, किती पडायला हवेत?’ असे विचारले. सापळा शोधण्यासाठी जुन्या नियमांत सहांत एक एवढी संधी आहे. तथापि कोठे आणि कसे पाहायचे हे जो नेमके सांगतो त्याला फासा टाकावयास लावू नये, असा मी परिपाठ ठेवला आहे. म्हणून मी म्हणालो, ‘फासा राहू दे. काय पाहतेस ते सांग.’ ती क्षणभर थांबली. फरशी कसली आहे, चिरे केवढे आहेत, सांधे भरलेले आहेत की मोकळे, असे एकामागून एक प्रश्न तिने विचारले, आणि मग म्हणाली, ‘पखालीतले पाणी ओतते. कुठे जाते बघू.’ पाणी तिसऱ्या चिऱ्याच्या कडेशी चौकोनी रेघ आखून दिसेनासे झाले. खाली खड्डा होता. मेजावरील चौघेही पुढे वाकले होते, आणि पाऊण तासापूर्वी जन्मलेल्या त्या पात्राच्या कागदावर ज्याची नोंदही नव्हती अशा युक्तीने चार जीव वाचले होते.

एक खबरदारी सूत्रधाराने अवश्य घ्यावी. काही नियम क्षुल्लक वाटतात आणि ते गाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. भुयारातील काळ दहा दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजला जातो, मशाल सहा पाळ्या टिकते, आणि दर दोन पाळ्यांनी एक फासा टाकून भटके संकट येते की काय ते पाहिले जाते. मशालींचा हा हिशेब सोडला तर घाई उरत नाही, घाई उरली नाही तर परत फिरण्याचा प्रश्न उरत नाही, आणि मग केवळ दुबळ्या पात्रांचा एक कंटाळवाणा खेळ हाती राहतो, ज्याविषयी मंडळीची तक्रार सर्वस्वी न्याय्य ठरेल.

पुस्तिकेची दुर्मीळता ही आता सबब राहिलेली नाही. गॅव्हिन नॉर्मन यांनी ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ या ग्रंथात तेच नियम नीट लावून पुन्हा मांडले आहेत, आणि नवशिक्या सूत्रधाराने तोच हाताशी धरावा.

त्या संध्याकाळी आठांपैकी तीन पात्रे मेली आणि ३४० मुद्रा बाहेर आल्या. एका मित्राला हा खेळ रुचला नाही. एवढ्या अल्पायुषी पात्रात जीव गुंतत नाही असे त्याचे म्हणणे आहे, ते मला पटते, आणि त्याला मी पुन्हा आग्रह केलेला नाही. मूळ कथा आजही पाचव्या आवृत्तीच्याच नियमांनी चालू आहे. महिन्यातील शेवटचा शनिवार तेवढा जुन्या भुयारासाठी राखून ठेवला आहे, आणि त्या दिवशी चौकटीच्या कागदावर नकाशा काढण्याचे काम पाणी ओतणाऱ्या त्या मैत्रिणीने आपणहून अंगावर घेतले आहे.