पार्सल आणताय? रस्सा पिशवीत नको, डब्यात घ्या!

घोडेगाव हे भीमाशंकरच्या वाटेवरचं तालुक्याचं गाव. इथे हॉटेलातून जेवण पार्सल घेतलं की रस्सा, भात, चटणी यांच्या वेगवेगळ्या पिशव्या घरी येतात.

नियम काय? राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार रुपये दंड. १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉही बंद आहेत.

अडचण काय? तेलकट, खरकटी पिशवी भंगारवालाही घेत नाही. उघड्यावर टाकलेली पिशवी पावसात ओढ्यातून घोड नदीत आणि पुढे भीमेत जाते.

काय कराल? घरून स्टीलचा डबा न्या. हॉटेलचालकांनी अनामत घेऊन डबा द्यावा, परत आणल्यावर पैसे द्यावेत.