खुर्ची आधी की टेबल?

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागले की मंद्रूप येते. तिथे माझी मोठी बहीण दिली आहे. तिची मुलगी पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेबाचे काम घरी बसून, कॉम्प्युटरवर करते. रोजचे आठ तास. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, "खाला, पाठ इतकी धरते की रात्री कूस बदलता येत नाही. अम्मी म्हणते, सोडून दे ही नोकरी."

नोकरी सोडण्याआधी ही पोरगी बसते कशावर ते तरी पाहावे, म्हणून मी गेले. बसायला मांडवात असते तशी प्लॅस्टिकची खुर्ची, त्यावर दोन उशा, समोर २९ इंच उंचीचे जेवणाचे टेबल. खांदे वर चढलेले आणि पाय अधांतरी.

दुल्हाभाईंना खुर्चीवर पैसे घालणे पटत नव्हते. "माझी अम्मी जमिनीवर बसून विड्या वळायची. तिला कुठं खुर्ची होती?" पलंगावरून त्यांची अम्मीच बोलली, "म्हणूनच आज भिंत धरून चालते ना, बेटा." पुढे वाद झाला नाही.

जमिनीवर बसणे वाईट नाही. दस्तरख्वानावर अर्धा तास बसतो, उठतो. कुणाची पाठ जात नाही. तासन्‌तास एकाच जागी, पुढे वाकून बसणे पाठीला नडते. नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९६० च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. त्यांच्या मोजणीत उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसताना दाब जास्त भरला, पुढे वाकल्यावर आणखी वाढला आणि पाठ मागे टेकली की उतरला. म्हणजे खुर्चीत खरे महत्त्व पाठीला, गादीला नंतर.

आम्ही आधी टेप काढली. भाचीची उंची ५ फूट. पाय जमिनीवर टेकवून बसवले तर गुडघ्याच्या लवणीपर्यंत १५ इंच भरले. बाजारातली चाकाची खुर्ची बहुधा १७ इंचांच्या खाली उतरतच नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांचे पुस्तक काढले. तरी दुकानात उभ्या असलेल्या खुर्च्या पाहिल्या की त्या आपल्या घरातल्या बायकांना मापून केल्या असतील असे वाटत नाही.

मग सोलापूरला गेलो. भाचीला सांगितले, लाजायचे नाही, प्रत्येक खुर्चीवर पंधरा मिनिटे बसायचे. पाठ पूर्ण टेकवल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटे जायला हवीत. बोटे जात नसतील तर बैठक खोल आहे. अशा खुर्चीत माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठीचा आधार वायाच जातो. कमरेच्या खोलगट भागाला फुगवटा लागला पाहिजे. हात ठेवायच्या दांड्या वरखाली होणाऱ्या असाव्यात, नाहीतर नसलेल्या बऱ्या. पक्क्या दांड्या टेबलाला अडतात आणि माणूस लांबच राहतो. दुकानदार मोटारीच्या सीटसारखी लाल-काळी रेक्झिनची खुर्ची पुढे करत होता. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात वीज गेली की रेक्झिनवर घामाने पाठ चिकटते. आम्ही जाळीची पाठ घेतली. मान टेकायची उशी घेतली नाही. टाइप करताना मान टेकवतो कोण?

घरी आणल्यावर खरी गंमत कळली. खुर्ची खाली घेतली की टेबल उंच, वर घेतली की पाय लोंबकळतात. टेबलासमोर बसून खांदे सैल सोडल्यावर कोपर कीबोर्डच्या पातळीत यायला हवे, आणि चूक तर टेबलाचीच होती. गावातला सुतार बोलावून टेबलाचे चारही पाय ३ इंच कापले. बहिणीने थोडी कुरकुर केली, पण टेबल २६ इंचांचे झाले. खुर्ची १८ इंचांवर ठेवली आणि पायाखाली ३ इंचांचा पाट दिला. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर आणली. त्याला वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतोच, तो खर्च टाळू नका. फरशी शहाबादी, सांध्यात चाके अडत होती. खाली जुनी जाड सतरंजी घातली तर आणखीच रुतली, शेवटी प्लायवूडचा तुकडा टाकला.

ज्यांना आत्ता खुर्ची जमत नाही, त्यांनी साध्या लाकडी खुर्चीवर सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून कमरेमागे बांधावा. पायाखाली पाट मात्र हवाच. आणि खुर्ची कितीही भारी असली तरी अर्ध्या तासाने उठायचे. भाचीने पाण्याची बाटली टेबलावरून उचलून स्वयंपाकघरात ठेवली आहे. तहान लागली की उठावेच लागते.

महिन्याभराने फोन केला तर दुखणे पुष्कळ उतरले होते. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असता तर मी तिला खुर्चीआधी डॉक्टरांकडेच नेले असते. "आता कशी आहे खुर्ची?" मी विचारले. "खाला, दुपारी मला मिळतच नाही," ती म्हणाली, "अब्बू त्यावर बसून पेपर वाचतात."