जुना ट्रॅक्टर घाटातून घरी आणताना

मागच्या महिन्यात आम्ही चिखलीला एक जुना ट्रॅक्टर घेतला आणि बुलढाण्यावरून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे, आमच्या गावी आणला. मी बीटेक करून कोडिंग करणारा. शेतात ट्रॅक्टर चालवलाय, पण घाटात पहिल्यांदाच. त्या दिवशी जे कळलं, ते सांगतो.

निघताना मिस्त्रीने खाली वाकून विचारलं, "भाऊ, पट्टी कुठाय?" मला कळेचना. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. धुऱ्यावर वळताना एकच दाबलं की त्या बाजूचं चाक थांबतं आणि ट्रॅक्टर कमी जागेत फिरतो. रस्त्यावर मात्र हीच सोय घात करते. वेगात एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो, उलटूही शकतो. म्हणून रस्त्यावर दोन्ही पेडलं लोखंडी पट्टीने जोडायची. आमची पट्टीच गायब होती. ती बसवली, मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक मारला, तर ट्रॅक्टर डावीकडे ओढत होता. दोन्ही ब्रेक सारखे करून घेतले. दोन तास गेले, बाबा वैतागले.

दुसरं, गिअर. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि तो उतार लागण्याआधीच टाकायचा. हाताचा ॲक्सिलरेटर बंद. गिअरमध्ये असलं की इंजिनच चाकांना धरून ठेवतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं किंवा क्लच दाबला, की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही.

तिसरं, बाबा मडगार्डवर बसणार होते. गावात सगळेच बसतात. पण एक गचका बसला तर माणूस थेट मागच्या चाकाखाली. "बाबा, तुम्ही मोटरसायकलवर मागून या," म्हटलं. रागावले, पण ऐकलं.

कागदांचंही सांगतो. आरसी, विमा आणि मालकाच्या सहीचे फॉर्म 29 व 30 हातात घेतल्याशिवाय निघू नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्या.

घाटातल्या एका वळणावर समोरून एसटी आली. मी ब्रेक दाबला, ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला. बाबा मागून सगळं बघत होते, काही बोलले नाहीत. घरी शेजारी ट्रॅक्टर बघायला जमले, तेव्हा मात्र त्यांनी सगळ्यात आधी ती पट्टीच दाखवली.

तुमच्या ट्रॅक्टरची पट्टी जागेवर आहे का, आजच बघा. भेटू पुढच्या भागात.