एकाच रिपोर्टमध्ये दोन क्वेरी? वाशीमच्या आकड्यांसाठी हे करून पाहा

आसेगाव परिसराची जुनी पीक-आकडेवारी मांडायची तर १ जुलै १९९८ आडवा येतो. त्याआधी आपण अकोला जिल्ह्यात, त्यानंतर वाशीममध्ये. मग दोन काळांसाठी दोन सिलेक्ट लिहून मध्ये अर्धविराम टाकला की रिपोर्टिंग टूल त्रुटी दाखवतं, नाहीतर एकच तक्ता देतं.

बर्टसारख्या टूलमधला डेटासेट सहसा एकाच क्वेरीचा निकाल धरतो. मायएसक्यूएलचा जेडीबीसी ड्रायव्हर तर एकावेळी अनेक विधानं मुळातच नाकारतो. ‘अलाऊ मल्टी क्वेरीज’ मुद्दाम चालू करावं लागतं. हे बंधन मला योग्यच वाटतं. अर्धविरामामागून कुणी टेबल उडवणारी आज्ञा घुसवली, तर ती तिथंच अडते.

म्हणून दोन्ही सिलेक्ट युनियन ऑलने जोडा. पहिल्यात अकोल्याचे सगळे तालुके नकोत, फक्त आज वाशीममध्ये असलेले सहा. स्तंभांची संख्या आणि क्रम दोन्हीकडे सारखा हवा. नुसतं युनियन मात्र टाळा, ते हुबेहूब सारख्या ओळी गाळतं आणि बेरीज चुकते. मधली आकडेमोड ‘विथ’ कलमात बसवा. मायएसक्यूएलमध्ये ती सोय ८.० पासून आहे.

खरंच अनेक विधानं चालवायची असतील तर डीबीव्हर हे डेटाबेस टूल घ्या. कंट्रोल-एंटरने कर्सरखालचं एकच विधान चालतं, ऑल्ट-एक्सने अख्खी स्क्रिप्ट.