पदवीनंतरचा पहिला पगार: पूर्व उपनगरातील बी.एस्सी.चा मागोवा

महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत त्यानंतरच्या वर्षापासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला आणि विज्ञानाच्या पदवीला चौथे वर्ष जोडले गेले. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे; चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्यास एम.एस्सी. एका वर्षात करता येते आणि 75 टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.च्या प्रवेशाचा मार्ग खुला होतो. ही योजना कागदावर उदार दिसते. परंतु विक्रोळीच्या कन्नमवारनगरात किंवा टागोरनगरात एका पगारावर चालणाऱ्या घराला भेडसावणारा प्रश्न पदवीनंतरचा पहिला पगार केव्हा हाती पडतो हा आहे, आणि एके काळी त्याचे उत्तर घरापासून चार स्थानकांच्या आत मिळत असे.

गोदरेज समूहाने 1943 मध्ये विक्रोळीत जमीन घेतल्यापासून लाल बहादुर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले. पाठोपाठ विद्याविहारला सोमैया, घाटकोपरला झुनझुनवाला आणि बऱ्याच उशिरा, 1984 मध्ये, मुलुंडला वझे-केळकर ही महाविद्यालये आली. या काळाचा तपशील येथे गौण आहे. मात्र 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले, त्यामुळे देशी औषधनिर्मिती फोफावली आणि रसायनशास्त्राच्या पदवीधराला मागणी आली, हे विसरता येत नाही. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात याच दशकात कोलियस वनस्पतीच्या मुळांतून फोर्सकोलिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, ज्याचा उपयोग आजही जगभरच्या जीवरसायन प्रयोगशाळांत होतो. उपनगरातल्या मुलाला संशोधन म्हणजे काय हे पाहण्यासाठी तेव्हा परदेश गाठावा लागत नव्हता.

खरा बदल घडला तो 1991 नंतरच्या दशकात. त्या दशकाच्या आरंभी तृतीय वर्षाचा विद्यार्थी ‘सहा युनिट’ रसायनशास्त्र घेई, म्हणजे शेवटचे वर्ष पूर्णपणे एकाच विषयाला देई. दोन विषय विभागून घेणारा ‘तीन युनिट’वाला ठरे, आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या वेळी हा फरक जाणवे. ज्याला पुढे शिकणे परवडत नसे तो भांडुप-कांजूरच्या एखाद्या छोट्या औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात लागे, ब्युरेट-पिपेट घेऊन कच्च्या मालाचे टायट्रेशन करी, पाळ्या करी आणि अनुभवाची वर्षे साठवी. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला औषधनिर्मितीचा तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असल्यास उत्पादनावर देखरेख करण्यास पात्र धरले जाते; तपासणी विभागातही अन्न व औषध प्रशासनाची अशीच मान्यता लागते, आणि ती मिळालेल्यास ‘अप्रूव्हड केमिस्ट’ म्हणत. ते ‘अप्रूव्हल’ हाती आले की नोकरी बदलताना पगार ठरवण्याची ताकद येई. अनेकांनी नोकरी सांभाळून पुढचे शिक्षणही केले. केवळ बी.एस्सी.च्या आधारावर, शिकलेल्या विषयातच चढता येईल अशी ही शिडी होती.

ती शिडी दशकभरात काढून घेतली गेली. जमिनीचे भाव चढले तसे कारखान्यापेक्षा कारखान्याखालचा भूखंड मोलाचा ठरला. पुढे 2003 च्या करसवलतींनी उत्पादन हिमाचलातील बद्दीकडे ओढले, आणि 2005 मध्ये लहान कारखान्यांनाही उत्तम उत्पादन पद्धतींचे सुधारित निकष बंधनकारक झाले, तेव्हा उरलेसुरले छोटे मालक थकले. उद्योगाचे स्थलांतर अटळ होते असे मानले, तरी शिक्षणसंस्थांनी त्या वेळी जे केले ते अटळ नव्हते. सहस्रकाच्या वळणावर माहिती तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञानाचे विनाअनुदानित पदवी अभ्यासक्रम भरमसाट शुल्कासह उघडण्यात आले, आणि त्याच इमारतींत रसायन व भौतिक विभागांतील निवृत्त प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, माणसे नेमण्यात आली. नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन अशा तासिकांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या पिढीवर झालेला अन्याय कोणत्याही नव्या धोरणाने भरून काढलेला नाही.

आज पर्याय मोजायला बसले तर यादी लांबते: जॅम परीक्षेतून पवईच्या आयआयटीत एम.एस्सी., भाभा अणुसंशोधन केंद्रात विद्यावेतनी प्रशिक्षणार्थी, 2015 पासून दोन वर्षांचे झालेले बी.एड. आणि त्यापुढे टीईटी व अभियोग्यता चाचणी, डी.एम.एल.टी., एम.सी.ए., एम.बी.ए., स्पर्धा परीक्षा. यांपैकी विद्यावेतनाची वाट मोजक्यांना लाभते. बहुतेक वाटांवर आधी आणखी वर्षे आणि आणखी शुल्क द्यावे लागते, किंवा शिकलेले शास्त्र बाजूला ठेवावे लागते. विक्रोळीतल्या जुन्या कारखान्यांच्या आवारात आता कार्यालये आणि निवासी इमारती आहेत, आणि तेथे जाणाऱ्या विज्ञान पदवीधराला रसायनशास्त्राबद्दल कोणी विचारत नाही.

शिकाऊ उमेदवारी कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीखेरीज अन्य पदवीधरांनाही त्याची दारे उघडली आहेत. विद्यापीठाने आणि राज्य सरकारने चौथ्या वर्षाचा किमान अर्धा भाग औषध, अन्न आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी म्हणून मान्य करावा, तो अनुभव ‘अप्रूव्हल’साठी धरला जावा, आणि विज्ञान विभागांतील रिकाम्या जागा पूर्णवेळ भराव्यात.