विश्लेषण : ‘एकही कट नको’ अशी अट घिब्लीने का घातली?

हायाओ मियाझाकी यांचा ‘नौसिका’ हा ॲनिमेपट १९८४ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकी वितरकाने त्याची सुमारे २२ मिनिटे कापली, नायिकेचे नाव झँड्रा केले आणि ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ म्हणून तो विकला. माणूस व निसर्गाच्या संघर्षाचा मूळ आशय त्यात हरवला.

त्यामुळेच १९९६ मध्ये डिस्नेशी करार होताना मियाझाकींच्या स्टुडिओ घिब्लीने कात्री न लावण्याची अट घातली. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ १९९९ मध्ये अमेरिकेत अखंड पोहोचला. ‘स्पिरिटेड अवे’ने २००३ मध्ये ऑस्कर पटकावले. २०२० पासून नेटफ्लिक्समार्फत घिब्लीचे चित्रपट भारतातही दिसू लागले. परदेशी बाजारपेठ मिळवताना कलाकृती शाबूत राहणार की नाही, हे अखेर करारातील अटींवरच ठरते.